तोंडात एकच शब्द उरला होता

हे मी सांगते आहे आणि माझी लेक वंदना लिहून घेते आहे. मला लागेल तेवढा वेळ ती थांबते. एखादा शब्द अडला तरी तो पुरवायचा नाही, असं मी तिला बजावलं आहे. माझ्या वतीनं दुसऱ्यांनी बोलून फार झालं. आता जे असेल ते माझ्याच तोंडून निघू दे, वेडंवाकडं का असेना.

ती सकाळ

धावड्याच्या अंगणवाडीत मी सेविका होते. मुलं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती, मी खिचडी वाढत होते. हातातली पळी निसटली. उचलायला वाकले, तर हात पळीपर्यंत गेलाच नाही. मुलं हसली. त्यांना वाटलं बाई गंमत करतात.

आमची मदतनीस गयाबाई आतून ओरडली, "काय पडलं हो बाई?"

मी म्हणाले, "काही नाही, पळी पडली." म्हणजे मी असं म्हणाले असं मला वाटलं. गयाबाई बाहेर आली आणि माझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

"आवं बाई, तुमचं त्वांड वाकडं झालं!"

पाच मिनिटांत माणसं जमली. लकवा मारला, वारं गेलं अंगावरून, असं जो तो म्हणू लागला. कुणी सांगितलं, अमुक गावाला झाडपाल्याचं औषध देतात, तिकडं न्या. कुणी कबुतराचं रक्त चोळा म्हणालं. मला निजवलं होतं त्या बाजेच्या कडेला उभी राहून गयाबाई म्हणाली, "औषध मागून. जीप आणा जल्दी. आधी दवाखाना." त्या बाईनं मला वाचवलं. आजही कुणाचं तोंड वाकडं झालेलं दिसलं तर एवढंच करा. सल्ले ऐकत बसू नका.

जालन्याला मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्यावर वाकून विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

माझं नाव मला ठाऊक होतं. कुसुम. ते ओठापर्यंत आलं आणि बाहेर पडलं ते, "बराबर."

"गाव कोणतं?"

"बराबर."

"हा कोण, तुमचा मुलगा का?"

माझा गणेश पायाशी उभा होता. स्टीलच्या कारखान्यातून तसाच आलेला, अंगावर निळा गणवेश. मी त्याच्याकडं बघून म्हणाले, "बराबर." तो हसला. त्याला वाटलं, आईनं ओळखलं. ओळखलं होतंच. पण मला म्हणायचं होतं, गणेश, मला भीती वाटते.

डॉक्टरांनी बाहेर नेऊन त्याला समजावलं. मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावलाय. यांना सगळं समजतंय, फक्त शब्द निघत नाहीत. एखादाच अडकून बसतो, तोच येत राहतो. मी जन्मभर बायांना, साहेबांना, मुलांना बराबर बराबर म्हणत आले, म्हणून तोच राहिला असेल. देवानं निदान "नको" हा शब्द ठेवला असता तर पुढचं पुष्कळ टळलं असतं.

मान हलवायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. पण हो म्हणायला गेले की मान आडवी जायची आणि नाही म्हणायला गेले की उभी. उजवा हात लुळा. डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघोट्या. ज्या बाईनं गावातल्या दोन पिढ्यांना अ आ इ गिरवायला शिकवलं, तिला अ कसा काढतात ते आठवेना. अशा रेघोट्या काढून मी खूप रडले. डॉक्टर म्हणाले, या आजारात रडू येतंच. त्यांनी खरं तेच सांगितलं. पण त्या वाक्यानं माझं रडणंसुद्धा माझ्याकडून काढून घेतलं. पुढं मी कधीही रडले की लोक म्हणायचे, आजारामुळं आहे.

कुठं ठेवायचं

दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हा प्रश्न उभा राहिला. गणेशचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सूनबाई स्वाती शाळेत कारकून. गणेशच्या कारखान्यातल्या पाळ्या बदलत्या. वंदना मंठ्याला, तिच्या घरी तिची सासूच अंथरुणाला खिळलेली. बहीणभाऊ माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून भांडले. मी मध्ये, सगळं ऐकत.

"आईला आश्रमात टाकतो का तू?"

"आश्रम न्हाई ते. सेवा केंद्र हाय. नर्स हाय, व्यायामवाले येतात. मी उचलून तिला तीन जिने चढवू का रोज? तू नेतीस?"

वंदना नेऊ शकत नव्हती आणि तो ठेवू शकत नव्हता. मी कुणालाच दोष देत नाही. दोघंही तेव्हा माझ्याकडं बघत नव्हते.

अशा जागेला नर्सिंग होमही म्हणतात, पण आपल्याकडं नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचा दवाखाना आठवतो. हे तसलं नव्हतं. जालन्याच्या बाहेर, हमरस्त्यापासून आत, दुमजली इमारत. लकव्याचे, विसरभोळे झालेले, हाड मोडलेले म्हातारे तिथं ठेवून घेत. नाव सांगत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी फरशी ओली होती, फिनेलचा वास होता. व्यवस्थापकांना सगळे सर म्हणत. सर गोड बोलले. "दादा, घरच्यासारखंच समजा. आईंना दोन महिन्यांत चालवून दाखवतो." गणेशच्या डोळ्यांत पाणी आलं.

गणेशनं माझे केस मागं सारले. "आई, इथं बराबर राहशील ना?"

मी काय म्हणाले असेन ते सांगायला नको.

तिथलं राहणं

वाईटच सांगायचं असं मी ठरवलेलं नाही. पहिले आठवडे बरे गेले. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, ती माझ्या पायाला ताकद आणायला झटायची. चहा गरम मिळायचा. पण पुढं ती मुलगी येईनाशी झाली आणि तिच्या जागी कुणीच आलं नाही. दोन बाया काम सोडून गेल्या, त्यांच्याही जागी कुणी नाही. आमच्या मजल्यावर दिवसा एकटी वैशाली राहिली.

वैशाली जाफराबादकडची, विशीतली. तिला आम्ही सिस्टर म्हणायचो, पण नर्सिंग ती शिकलेली नव्हती. तोंड फटकळ, मन वाईट नव्हतं. अंघोळ, लंगोट, गोळ्या, जेवण, खरकटं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. मी ओली झाले की ओलीच पडून राहायची. तासाभरात पाठ चुरचुरायची, मग आग व्हायची, मग बधिर. कूस बदलून देणार कोण? एका अंगावर ठेवलं की संध्याकाळपर्यंत त्याच अंगावर. ज्या म्हाताऱ्या उठून फिरायच्या त्यांना खुर्चीत बसवून कमरेला जुन्या साडीची पट्टी बांधत. पडू नये म्हणून, असं सर सांगत.

रविवारी मात्र सगळं निराळं. सकाळपासून अंघोळी, धुतलेले गाऊन, तोंडाला पावडर, पट्ट्या गायब. गणेश यायचा, केळी आणायचा, मोबाईलवर नातवंडं दाखवायचा. मी त्याचा हात धरून माझ्या कमरेकडं ओढायची. तिथं दुखत होतं. तो हात सोडवून माझ्या डोक्यावर ठेवायचा. मी रडायची. सर म्हणायचे, "दादा, मेंदूच्या आजारात असं होतंच. आई खूश असतात एरवी. हो ना आई, बराबर हाय ना?"

"बराबर," मी म्हणायची. "बराबर, बराबर, बराबर."

आवाज चढवून म्हटलं तरी शब्द तोच. गणेश निघून गेल्यावर मी डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं आहे.

सखरबाई

माझ्या शेजारच्या खाटेवर सखरबाई होत्या. मंठ्याजवळच्या वस्तीवरच्या, मेंढरांमागं आयुष्य गेलेल्या. डोक्यातलं सगळं पुसट झालं होतं, पण मेंढरं पुसली गेली नव्हती. दिवस कलायला लागला की त्या उठायच्या, जिभेनं टक् टक् आवाज काढत दाराकडं निघायच्या. "पिलं मागं राह्यली माय, वाघूर बांधायचीय." वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी.

मला त्या गंगा म्हणायच्या. गंगा त्यांची कोण, मला ठाऊक नव्हतं. मला विचारता येत नव्हतं. त्या माझ्या खाटेवर येऊन बसायच्या, माझा लुळा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळायच्या आणि बोलत राहायच्या. पाऊस, दुष्काळ, कोणाची लोकर, कोणता कुत्रा. मी मध्येच म्हणायची, "बराबर." त्या म्हणायच्या, "मंग? बराबरच तर हाय!" त्या सगळ्या केंद्रात माझ्या एका शब्दाशी नीट बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. आम्हा दोघींचं छान जमायचं. हसायचोसुद्धा.

एक दिवस सखरबाई टक् टक् करत थेट फाटकापर्यंत पोचल्या. रस्त्यावर ट्रक चालू. सर संतापले. त्या दिवसापासून सखरबाईंना सकाळ-दुपार एक गुंगीचं औषध सुरू झालं. डॉक्टर येऊन गेलेले मी तरी पाहिले नाहीत. त्यांचं चालणं थांबलं, बोलणंही थांबलं. त्या पडून असायच्या, डोळे अर्धे उघडे.

ती दुपार

जेवणाची वेळ होती. वैशाली वरण-भाताचं ताट घेऊन सखरबाईंपाशी आली. खाटेची डोक्याकडची बाजू वर करायचा दांडा कधीचा मोडलेला होता. दोघी मिळून उशा लावल्या तर माणूस बसतं करता येतं, पण दुसरी कुणी नव्हती. तिनं निजल्या निजल्याच घास भरवायला सुरुवात केली. सखरबाई गुंगीत. घास तोंडात तसाच राहायचा, वैशाली वरून दुसरा द्यायची. "गिळा ना आजी, अजून सगळा वार्ड बाकी हाय."

तेवढ्यात न्हाणीघरातून कुणीतरी पडल्याचा आवाज आला. वैशाली ताट माझ्या टेबलावर ठेवून पळाली.

सखरबाईंना ठसका लागला. एक, मग दुसरा. मग आवाजच बंद झाला. छाती हलत होती आणि आवाज नव्हता. डोळे पूर्ण उघडले होते आणि ते माझ्याकडं होते.

मी ओरडले. जीव खाऊन ओरडले. "बराबर! बराबर! बराबर!"

पलीकडच्या खोलीतून एक आजोबा म्हणाले, "बाई आज खुशीत दिसून राह्यल्या."

मी डाव्या हातानं टेबल ढकललं. ताट, पेला, औषधाच्या बाटल्या, सगळं फरशीवर कोसळलं. त्या आवाजानं वैशाली धावत आली. तिनं सखरबाईंना कुशीवर केलं, तोंडात बोटं घालून भात काढला, पाठीत थापा मारल्या. श्वास परत आला. पण आता त्यात घरघर होती, हुक्क्यातल्या पाण्यासारखी.

वैशाली भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही पाह्यलं ना? मी एकटी हाय हो. मी काय करू?"

सरांनी येऊन पाहिलं. "ठसका लागला, होतं असं." संध्याकाळी ताप भरला. त्यांच्या मुलाला फोन गेला तो मी ऐकला. "आजींना जरा थंडी लागलीय. काळजी करू नका." ताप उतरेना, घरघर वाढली. उशिरा कधीतरी त्यांना चादरीत उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत. त्यांची गादी उन्हात टाकायला गच्चीवर नेली तेव्हा मला समजलं, त्या गेल्या.

मारुती

काही दिवसांनी त्यांचा मुलगा सामान न्यायला आला. मारुती त्याचं नाव. पन्नाशीचा, डोक्याला फेटा. एक पिशवी आणि एक घोंगडी, एवढंच सामान. त्यानं सरांपुढं हात जोडले. "साहेब, माझ्या मायचं लय केलं तुमी. सोताच्या लेकरावानी केलं." सर म्हणाले, "आपलं कामच हाय ते."

मग तो माझ्याकडं आला. वाकून म्हणाला, "मावशी, तुमी शेजारीच व्हता. माय सुखात व्हती ना हितं?"

माझ्या घशात तो शब्द चढायला लागला. मला तो येताना कळत होता. तो बाहेर पडला असता तर हा माणूस तेवढाच घेऊन घरी गेला असता. मी डावा हात उचलून तोंडावर गच्च दाबून धरला. दातांनी तळहात चावला. तो शब्द मी बाहेर पडू दिला नाही.

मारुतीला वाटलं मला रडू आवरेना. तो माझ्या पायावर हात ठेवून म्हणाला, "रडू नगा मावशी. सुटली बिचारी." आणि घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेला.

बुधवार

त्यानंतर मी जेवण सोडलं. ठरवून नाही, घास बघितला की भीती वाटायची. एका बुधवारी वंदना नात्यातल्या लग्नाचा बस्ता बांधायला जालन्याला आली होती. दुकानं लवकर आटपली म्हणून अचानक इकडं वळली. फाटकावर तिला सांगितलं, भेटायचा दिवस रविवार. ती म्हणाली, "माझी आई हाय ती. मला वार काय सांगता?" आणि आत आली.

तिनं मला पाहिलं, मग वास आला असेल, तिनं पांघरूण काढलं. मला कुशीवर केलं. माझ्या माकडहाडावर जखम होती. ती किती खोल होती हे मला तिच्या चेहऱ्यावरून समजलं, कारण मला ती कधी दिसलीच नव्हती.

तिनं भावाला फोन लावला. ओरडली नाही. "दादा, आत्ता ये. कामावर असशील तरी ये."

गणेश आला. त्यानं जखम पाहिली आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मग रागानं म्हणाला, "आई, मला तरी सांगायचं होतंस!" बोलून गेल्यावर त्यालाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. तो खाली बसला. त्याचं डोकं माझ्या डाव्या हाताला लागेल एवढं जवळ होतं. मी हात ठेवला.

त्याच दिवशी मला मंठ्याला नेलं. वंदनाच्या सासूबाई म्हणाल्या, "दोन खाटा लावा शेजारी शेजारी. एकीला पाणी देताना दुसरीला द्यायला काय लागतं?" असं बोलणारी माणसं असतात जगात.

शब्द

जखम भरायला पावसाळा-हिवाळा गेला. दर थोड्या वेळानं कूस बदलायची, जागा कोरडी ठेवायची, अंडं, डाळ, दूध. त्यात जादू काही नाही. कुणीतरी लक्ष द्यावं लागतं एवढंच.

बोलणं आलं ते गाण्यातून. वंदना मुलीला निजवताना बडबडगीत म्हणत होती आणि मी पुढची ओळ म्हटली. सबंध! दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. बोलायला गेले की बराबर, आणि गाताना सगळे शब्द हजर. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं, त्याच वाटेनं चला. मग मी पाणी मागायची ते चालीवर. लोक हसायचे, हसू दे. हळूहळू चाल सुटली आणि शब्द राहिले. पहिला नवा शब्द "नको" हा होता.

ज्या दिवशी मला तीन-चार शब्द एकापुढं एक ठेवता आले, त्या दिवशी मी वंदनाला म्हणाले, "मारुती. सखरबाईचा. बोलव."

गणेशला हे पटलं नाही. "आई, आपलं निस्तरलं ना. कशाला त्या माणसाला परत दुःख द्यायचं? आणि उद्या लोक मलाच विचारतील, आईला असल्या जागी ठेवलंच कशाला." त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. पण मी म्हणाले, "नको." म्हणजे, तू नको अडवू.

बाजाराच्या दिवशी जावयांनी मारुतीला शोधून आणलं. तो उंबऱ्याच्या आत बसेना, दारातच टेकला. मी सांगायला लागले. भात. निजवून. एकटी पोरगी. गुंगीचं औषध. ठसका. थंडी नव्हे. प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत होता आणि तो प्रत्येकासाठी थांबत होता. मध्ये एकदाही त्यानं "बरं" म्हटलं नाही.

मी थांबल्यावर तो म्हणाला, "म्या हात जोडले व्हते त्याला."

तो उठून गेला. मला वाटलं, गणेशचंच खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत दारात. "मावशी, जालन्याला चलता का? हे सायबापुढं सांगायचं."

सरकारी कार्यालयातले अधिकारी वाईट नव्हते, घाईत होते. माझं पहिलं वाक्य अर्ध्यात अडकलं तसं ते वंदनाला म्हणाले, "तुम्हीच सांगा ना थोडक्यात." मारुती पुढं झाला. "थांबा साहेब. ह्यांनी पाह्यलंय. ह्यांना बोलू द्या."

मी बोलले. घाम फुटला, जीभ अडखळली, मध्येच दोनदा तो जुना शब्द आला, तो मी परत मागं ढकलला. पण सगळं सांगितलं. वैशालीचं नाव आलं तेव्हा हेही सांगितलं की ती एकटी होती, आणि तिला एकटी ठेवणारा दुसरा होता. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. चौकशी लागली आहे असं सांगतात. ते केंद्र अजून चालू आहे. फरशी अजून ओली असेल. तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल तर रविवार सोडून जा. पांघरूण बाजूला करून बघा. आणि त्यांना काय वाटतं ते तिथल्या माणसांसमोर विचारू नका.

बाहेर आलो तेव्हा मारुतीनं टपरीवरून चहा आणला. माझा चहा त्यानं बशीत ओतून, फुंकर घालून, माझ्या डाव्या हातात दिला. आम्ही बाकावर बसलो होतो, मान वर, पाठ सरळ. मी म्हणाले, "राग... आला? माझा?"

त्यानं आपला पेला खाली ठेवला.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "साल झालं, थंडीनं गेली थंडीनं गेली म्हणून सोताची समजूत घालून राह्यलो व्हतो. डोळ्याला पानीच येत नव्हतं. आता रडायचं कशावर ते तरी समजलं."

आणि फेट्याचा शेव तोंडावर घेऊन, त्या भर दुपारी, कार्यालयाच्या पायरीपाशी तो आईसाठी रडला.